लांब तार, आखूड तार

११ सप्टेंबर

धाकट्यानं सांगितलं म्हणून वही उघडली.

"दादा, रोज काय काम केलं ते लिहून ठेव. मला उद्या दिसायचं नाही आणि तुला आजचंच आठवत नाही. दोघांत मिळून एक वही तरी धड हवी," असं तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

मी दोन वह्या केल्या. एक कामाची. ती दुकानात टेबलावर राहील, पुतणी त्याला वाचून दाखवेल. ही दुसरी माझ्या कपाटात, स्वेटरांखाली. सातवीत शाळा सोडलेल्या माणसानं दोन-दोन वह्या लिहायच्या म्हणजे थट्टाच आहे. पण कामाच्या वहीत "आज भीती वाटली" असं कसं लिहिणार?

तर पहिल्यापासून लिहितो. माझा धाकटा भाऊ सहा वर्षं एक विमान बनवतोय. खेळणं म्हणावं तर पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फूट. एकावर एक असे दोन मजली पंख, जुन्या विमानांना असायचे तसे. पेट्रोलवर चालणारं इंजिन. आपण जमिनीवर उभं राहायचं आणि हातातल्या रेडिओनं उडवायचं. सांगाडा त्यानं त्याच्या घरी केला. बायको गेल्यावर त्याला दुसरं होतं काय. आता उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यानं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नळी अरुंद होत जाणार. हिवाळा निघेल. पुढचं सांगता येत नाही.

काल पुतणीनं गाडीच्या टपावर बांधून ते सगळं माझ्या बंद दुकानात आणलं. चार वर्षांपूर्वी मी सायकली दुरुस्त करणं सोडलं, तेव्हापासून तिथे एक जुनी गादी आणि बायकोचं शिलाई मशीन एवढंच होतं.

"मला हे आकाशात बघायचंय दादा," धाकटा म्हणाला. "दिसतंय तोवर. बाकी काही नको."

मी म्हटलं, "बघू."

१९ सप्टेंबर

चाकं झाली. धाकटा विकतची रबरी चाकं लावणार होता. मी म्हटलं, पन्नास वर्षं चाकांत घालवलेल्या माणसाच्या दुकानातून विकतची चाकं बाहेर जाणार नाहीत. जुन्या बाबागाडीच्या रिंगा घेतल्या, सायकलचे आरे कापून आखूड केले, त्यांना नवे आटे पाडले. मग आउट काढला. आउट काढणं म्हणजे डगमगणारं चाक सरळ करणं. लोक ते डोळ्यांनी करतात, मी कानानं करतो. आऱ्यावर नख मारायचं. सगळे आरे एका सुरात वाजले की चाक सरळ झालं.

धाकट्यानं चाक कानाशी धरून फिरवलं. "हात अजून तसाच आहे रे."

तो रोज दहाला येतो. दोन कप चहा, त्याचा बिनसाखरेचा. मग एकपर्यंत काम. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हाही एवढे तयार होऊन आला नव्हतात. साडेनवालाच दाढी करून दारात उभे."

मी म्हटलं, कामाला शिस्त लागते.

तरुणपणी आम्ही दोघं याच दुकानात होतो. मग तो रेडिओ दुरुस्तीकडे वळला. त्यानंतर असं रोज बरोबर बसणं झालंच नव्हतं.

२७ सप्टेंबर

शेपटीचा गोंद धरला की नाही याची धाकधूक. तीनदा बोट लावून पाहिलं. बायको म्हणाली, "आता चौथ्यांदा लावलंत तर तुम्हीच चिकटाल, आणि तुम्हाला घेऊन ते विमान काही उडायचं नाही."

६ ऑक्टोबर

पंखांवर कापड चढलं. बायकोनं मशीनवर उशीच्या अभ्र्यासारख्या लांब पिशव्या शिवून दिल्या. वरून लेप दिला की कापड आक्रसतं आणि टणक होतं. बोटानं टिचकी मारली तर टक्क वाजतं.

रंगावरून वाद झाला. बायकोला लाल हवा होता, पुतणीला निळा. धाकटा म्हणाला, "पिवळा. माझ्या नळीतून पिवळा सगळ्यात लांबून दिसतो. परवा पलीकडच्या फुटपाथवर एक पिवळा रेनकोट चालत होता. आत कुणीतरी असणार."

आम्ही सगळे हसलो. पुतणी हसता हसता उठून आत गेली. भांडी घासायची आहेत म्हणाली. भांडी सकाळीच घासून झाली होती. आजकालच्या मुलींचं काही कळत नाही.

२१ ऑक्टोबर

आजपासून तारा.

धाकट्यानं समजावलं ते लिहून ठेवतो. वरचा आणि खालचा पंख मधल्या खांबांवर उभे असतात, पण त्यांना खरं धरून ठेवतात त्या तारा. काही तारा विमान हवेत असताना पंखाला वर मुडपू देत नाहीत. काही तारा विमान जमिनीवर टेकताना पंखाला खाली पडू देत नाहीत. एकूण सोळा. प्रत्येक तारेच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी पितळी नळी आहे, दोन्हीकडून उलटसुलट आट्यांची. ती फिरवली की तार ताणते.

"हे चाकच की रे," मी म्हटलं.

"म्हणून तर तुझ्याकडे आणलं," तो म्हणाला. "मोठ्या विमानांच्या तारा वाऱ्यात वाजायच्या म्हणे. इंजिन मंद केलं की खालच्या माणसांना ऐकू यायचं."

उद्यापासून त्याच्या डोळ्याच्या तपासण्या आहेत, दोन आठवडे दवाखान्यात. म्हणाला, "तू सुरुवात कर. फक्त पुढच्या आणि मागच्या तारांचं मी आल्यावर बघू."

मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष त्याच्या चालण्याकडे होतं. उंबरठ्याला पाय लागला त्याचा.

२९ ऑक्टोबर

झालं! सोळाच्या सोळा. नख मारलं की सगळ्या एका सुरात वाजतात. एकही बेसूर नाही. बायकोला बोलावून ऐकवलं. तिनं मान डोलावली आणि विचारलं, "गॅस कुणी चालू ठेवला?" मी ठेवला होता. दूध उतू गेलं. तरी आज कुणी काही बोललं नाही मला. दिवस चांगला गेला.

१ नोव्हेंबर

दुपारी विमानाजवळ बसलो होतो. कुणी हात लावलेला नसताना पंखाच्या आत कडक् असा आवाज झाला. एकदाच.

लाकूड हवेनं वाजतं. दारंखिडक्या वाजतात तसं. कामाच्या वहीत लिहिलं नाही.

४ नोव्हेंबर

धाकटा आला. चहा झाल्यावर सरळ विमानाशी गेला आणि बोटानं एकेक तार छेडली.

"सगळ्या एका सुरात?"

"एकदम," मी म्हटलं. मला शाबासकीच हवी होती.

त्यानं डोळे मिटून पंखाच्या कडेवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. "दादा, पंखाला पीळ बसलाय."

मग त्यानं जे सांगितलं ते मला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं, कारण कळायची गरज पडली नव्हती. चाकाचे आरे सगळे एका मापाचे, म्हणून सूर एक तर ताण एक. इथे पुढची तार आखूड आहे आणि मागची लांब. लांब तार आखूड तारेच्या सुरात वाजायला हवी तर तिला कितीतरी जास्त ताणावं लागतं. मी सगळ्या लांब तारा ताणून ताणून आखूड तारांच्या सुराला आणल्या. पंख पिळवटला.

"आत काही तुटल्याचा आवाज आला होता का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "लाकूड सुकलं असेल."

तो माझ्याकडे बघत होता. म्हणजे जिकडून माझा आवाज येतो तिकडे.

९ नोव्हेंबर

दातांची डॉक्टरीण आली होती. ही बाई सोमवार ते शनिवार लोकांचे दात काढते आणि रविवारी शहराबाहेरच्या मैदानावर रेडिओची विमानं उडवते. धाकट्याची जुनी ओळख. आपलं विमान तीच उडवणार आहे. तोंडात घालायचा छोटा आरसा बरोबर आणला होता. पंखाच्या कापडाला बारीक चीर देऊन तो आत घातला आणि विमानाला म्हणाली, "आ करा." मग म्हणाली, "आतली एक लाकडी फासळी तुटलीये. दुसरीला तडा आहे. काका, हे आपोआप होत नाही."

कापड काढा, फासळ्या बदला, पुन्हा कापड, पुन्हा लेप. तीन आठवडे.

मी म्हटलं, चूक माझी. धाकटा म्हणाला, "जाऊ दे रे. मी थांबायला हवं होतं."

तीन आठवडे वाया. वाईट झालं. पण संध्याकाळी वहीत पुढच्या तीन आठवड्यांचं काम मांडत बसलो तेव्हा बरं वाटलं. का ते कळत नाही.

१६ नोव्हेंबर

डॉक्टरणीनं एक फॉर्म दिला. एवढं मोठं विमान त्या मैदानावर उडवायचं तर एका जबाबदार माणसाची सही लागते. काही झालं तर जबाबदारी त्याची. धाकट्याला दिसत नाही, म्हणून त्याची सही चालत नाही. माझी चालते.

"आत्ताच करून टाका काका," ती म्हणाली.

"नीट वाचून करतो," मी म्हटलं. दोन पानं आहेत, बारीक अक्षर.

फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावताना तो दुसरा फॉर्म आठवला. तो या वहीत लिहायचा नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

धाकटा सतरा वर्षांचा होता, मी एकवीसचा. वडील गेलेले. विमानांच्या कारखान्यात शिकाऊ मेकॅनिक घेत होते. त्याचं नाव यादीत आलं होतं, फक्त पालकाची सही हवी होती. पालक मी. फॉर्म अकरा दिवस या दुकानात होता. पहिल्या दिवशी म्हटलं वाचतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, यात जन्मतारीख चुकली आहे का बघू. मग शिक्का. मग शाई फिकट. तो रोज विचारायचा, "दादा, झाली?" मी म्हणायचो, "उद्या." आई आजारी, दुकान नवं, आणि तो गेला तर मी इथे एकटा. बारावा दिवस उजाडला, मुदत गेली. मी त्याला सांगितलं, सही केली होती, पाठवला होता, टपालाला उशीर झाला.

तो म्हणाला, "बरं, दादा."

फॉर्मचं काय केलं तेही लिहितो. ट्यूबला आऱ्यांची टोकं टोचू नयेत म्हणून रिमच्या आत आम्ही पट्टी घालायचो. जाड कागदाची चांगली पट्टी होते. तो फॉर्म कापून मी एका गिऱ्हाइकाच्या चाकात घातला. कुणाच्या तरी सायकलीत बसून तो गावभर हिंडला असेल. धाकटा कुठे गेला नाही, फॉर्म गेला.

३० नोव्हेंबर

इंजिन सुरू झालं. दुकानाच्या काचा थरथरल्या. धाकटा लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता. नव्या तारा त्यानं माझ्या हाताला धरून लावून घेतल्या. लांब तार खालच्या सुरात, आखूड वरच्या. आता मला दोन्ही सूर पाठ झालेत.

फॉर्मचं पहिलं पान वाचलं. "अपघात" हा शब्द चार वेळा आहे.

७ डिसेंबर

आज उडवायचं ठरलं होतं. वारा होता. झाडाची पानं हलत होती. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, एवढ्या वाऱ्यात चालतं. मी म्हटलं, पहिलं उड्डाण आहे, उगाच घाई नको.

बायको म्हणाली, "विमान उडून गेलं की तुमचा दहाचा चहा कुणाबरोबर हो?" तिला कशाचीही चेष्टा सुचते.

१४ डिसेंबर

आज वारा नव्हता. एकही ढग नाही. पुतणीनं विमान बांधून नेलं, डॉक्टरीण आधीच आली होती. धाकट्यानं नवा शर्ट घातला होता. मैदानात उभं राहून मान वर करून नळीतून आकाश हुडकत होता. म्हणाला, "दादा, त्या खांबावरचा पक्षी दिसतोय मला. आज नळी मोठी आहे. डोळ्याचा चांगला दिवस आहे आज."

डॉक्टरणीनं फॉर्म मागितला.

मी खिसे चाचपले. "घरी राहिला."

पुतणी म्हणाली, "काका, वीस मिनिटांत घेऊन येते. कुठे ठेवलाय सांगा."

ड्रॉवरमध्ये आहे, आणि त्यावर सही नाही, हे कसं सांगणार? मी विमानाजवळ गेलो, डावीकडची मागची तार छेडली आणि म्हटलं, "ही बद्द वाजतेय. आज नको. असं उडवणं बरोबर नाही."

डॉक्टरणीनं ती तार छेडली. उजवीकडचीही छेडली. मग माझ्याकडे पाहिलं. "मला तर दोन्ही सारख्या वाटतात, काका."

"तुम्ही दात बघता डॉक्टर. तारा मी बघतो."

सगळे धाकट्याकडे बघायला लागले. त्यानं पक्ष्याकडून मान वळवली.

"बरं, दादा," तो म्हणाला.

घरी येऊन बायकोनं विचारलं, उडालं का? मी म्हटलं, तार सैल होती. आज कशाचीच चेष्टा केली नाही तिनं.

१५ डिसेंबर

तार सैल नव्हती.

२८ डिसेंबर

गेल्या रविवारी पाऊस. आज धुकं. या वेळी खरंच होतं, मी सांगितलं म्हणून नाही.

धाकट्यानं चहाचा कप टेबलावर ठेवला तो टेबलाच्या बाहेर. कप फुटला. त्याला वाटलं बशी नीट नव्हती. मी म्हटलं, हो, बशीच वाकडी होती.

६ जानेवारी

पुतणीचा फोन. तो सकाळी उठला तेव्हा नळी नव्हती. उजेड कळतो, अंधार कळतो. मधलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, असं एकदम होऊ शकतं, आणि गेलेलं परत येत नाही. हिवाळा निघेल असं त्यांनीच सांगितलं होतं. मी त्यांच्यावर चिडलो, फोन ठेवल्यावर.

दहाला तो आला, पुतणीचा हात धरून. मी दाढी केली नव्हती. त्यानं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "काय रे, आज सुट्टी?"

१८ जानेवारी

विमान पूर्ण आहे. करण्यासारखं काही नाही. तरी दोघं दहा ते एक बसतो. त्यानं विमानाची गोष्ट काढली नाही, मीही नाही. तो पंखावर हात ठेवून बसतो. आजारी माणसाच्या पायावर हात ठेवावा तसा.

आज बायको चहा द्यायला आली आणि मला दारात ओढून म्हणाली, "अजून किती दिवस ते पिवळं धूड घरात ठेवणार?"

"आता उडवून काय उपयोग? त्याला दिसणार आहे का?"

"तुम्हाला दिसतं ना?" ती म्हणाली आणि आत गेली.

१ फेब्रुवारी

आज फॉर्म काढला. धाकटा समोर बसला होता. पेनात शाई होती. सही केली.

"काय लिहितोयस?" त्यानं विचारलं. त्याला आता सगळं ऐकू येतं.

"सही."

"कशावर?"

"डॉक्टरणीच्या फॉर्मवर."

"तो तर नोव्हेंबरात दिला होता ना तिनं?"

"हो."

"म्हणजे त्या रविवारी घरी राहिला नव्हता."

"राहिला होता. पण सही केलेली नव्हती. तार सैल नव्हती. काही सैल नव्हतं."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला, हातानं टेबलाची कड चाचपून, सावकाश. मग विचारलं, "आणि तेव्हाचा? तो कारखान्याचा? त्यावर तर केली होतीस ना? टपालाला उशीर झाला म्हणालास."

मला हो म्हणता आलं असतं. बावन्न वर्षं तो तेच धरून होता. मला वाटायचं त्याला केव्हाच कळलं असेल, आणि माझ्या तोंडावर बोलत नाही इतकंच. त्याला कळलं नव्हतं. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

"नाही," मी म्हटलं. "केली नव्हती. पाठवलाच नाही."

त्यानं "बरं, दादा" म्हटलं नाही. पुतणीला हाक मारली, आणि साडेदहालाच घरी गेला.

५ फेब्रुवारी

आला नाही. चार दिवस झाले. चहा दोन कप होतो. दुसरा कप बायको ओतून देते, विचारत नाही.

१० फेब्रुवारी

सायंकाळी पुतणी आली. उभ्यानंच म्हणाली, "काका, बाबांनी निरोप दिलाय. रविवारी वारा नाही म्हणतात. तारा तपासून ठेवा."

"अजून काही म्हणाला?"

"नाही."

"रागावलाय?"

"काका, ते आठवडाभर त्या कारखान्याबद्दल बोलतायत. तिथे काय काय असेल ते. यंत्रं कुठे, जिना कुठे, जेवायला कुठे बसत असतील. जसं काही तिथे राहून आलेत."

१५ फेब्रुवारी

आजचं आजच लिहितो.

नऊला मैदानावर पोचलो. पुतणीनं त्याला घडीच्या खुर्चीत बसवलं, पायांवर चादर घातली. बायकोही आली होती. दोन आठवड्यांनी तो माझ्याशी बोलला तो एवढंच, "तारा?"

"तपासल्या."

"लांब, आखूड?"

"आपापल्या सुरात."

डॉक्टरणीनं फॉर्म घेतला, घडी घातली आणि खिशात टाकला. वाचलासुद्धा नाही.

इंजिन सुरू झालं. मी त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो. विमान पळायला लागलं, माझी चाकं मैदानावर खडखडली. खडखड वाढत गेली आणि एकदम थांबली.

"जमीन सुटली," धाकटा म्हणाला. "दादा, कसं दिसतंय?"

मी बोललो नाही.

"दादा, सांग की."

मला सांगता येईना, कारण मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. इंजिनाचा आवाज वाढला तेव्हाच ते मिटले गेले. पडताना बघायचं नव्हतं मला.

त्यानं मान माझ्याकडे वळवली. त्याला कसं कळलं कोण जाणे. "डोळे उघड, दादा."

उघडले. आधी सापडेचना. आकाश एवढं असतं हे मी कधी पाहिलं नव्हतं, मी आयुष्यभर खाली मान घालून चाकांकडे बघणारा माणूस. मग दिसलं.

"पिवळं आहे," मी म्हटलं.

"रंग मीच निवडलाय. पुढे सांग."

बायको खुदकन हसली. डॉक्टरीणही, मान वरच ठेवून. मी सांगायचा प्रयत्न केला. वर चाललंय. आता डावीकडे कलतंय. आता फिरून इकडे येतंय. मग मला शब्दच सापडेनात. तेवढ्यात डॉक्टरणीनं इंजिन मंद केलं, विमान मैदानावरून लांबवर सरकत खाली आलं, आणि आवाज आला. दोन सूर, एक खालचा, एक वरचा, बारीक, एकमेकांत मिसळलेले. धाकट्यानं तोंड उघडं टाकून ते ऐकलं. मी लावलेले सूर होते ते, त्यानं माझ्या हाताला धरून लावून घेतलेले.

चाकं टेकली, एकदा उसळली, थांबली. माझं अंग घामानं भिजलं होतं.

"चल आता," मी त्याला म्हटलं. "गार आहे, तुला बाधेल. उडालं एकदा, पुरे झालं. उगाच पुन्हा नको."

मी "बरं, दादा" ची वाट बघत होतो. त्याच्या पायांवरची चादर काढायला वाकलोसुद्धा होतो.

"नाही, दादा," तो म्हणाला. "अजून एकदा. आणि या वेळी नीट सांग."

एकोणसत्तर वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा नाही म्हटलं. मी तारांकडे गेलो, नख पुढे केलं, आणि मग न छेडताच बाजूला झालो. डॉक्टरणीला म्हटलं, उडवा.

दुसऱ्या वेळी मी सगळं सांगितलं. दहा मिनिटं बोलत होतो, एवढं सलग मी कधी बोललो नसेन. वळताना वरच्या पंखावर ऊन कसं सरकतं ते सांगितलं. सावली गवतावरून कशी पळते, कुंपणाशी आल्यावर कशी मोडते आणि पलीकडे पुन्हा कशी जुळते ते सांगितलं. उंच गेल्यावर ते केवढं दिसतं, तर अंगठ्याच्या नखाएवढं, तेही सांगितलं. तो मध्ये मध्ये विचारत होता, आता कुठे, आता किती वर. फॉर्मबद्दल तो बोलला नाही. उद्या दहाला येशील का, हे मी विचारलं नाही.

शेवटी त्यानं विचारलं, "आणि आकाश कसं आहे?"

"निळं," मी म्हटलं. "एकही ढग नाही."

पुढचं नाही सांगितलं. अगदी असंच होतं त्या डिसेंबरातल्या रविवारी. त्या खांबावर आजही एक पक्षी बसला होता.